दिवेलागणीनंतर मागितलेलं विरजण

माझा दिवाकरमामा घर बघायला निघाला की आधी पाण्याची बाटली भरून घेतो. प्यायला नाही, ओतायला. घराच्या फाटकासमोर, रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि बाटली उपडी करतो. मग कमरेवर हात ठेवून पाणी कुठे जातंय ते बघत बसतो. जाणारे-येणारे स्कूटर थांबवून विचारतात, "क्या भिया, क्या गिर गया?" मामाचे डोळे पाण्यावरच. घराचा मालक हसतमुखाने फाटकात आलेला असतो, त्याचं हसू हळूहळू उतरत जातं. मी गाडीच्या काचा वर करून मोबाइलमध्ये डोकं घालते. हा माणूस माझ्या ओळखीचा नाही असं दाखवायची तेवढीच सोय माझ्याकडे असते.

गाडी माझी, म्हणून रविवार मामाचे. आई गेली तेव्हा "दिवाकरकडे लक्ष ठेव गं अमू" एवढंच म्हणाली होती. त्याच्याबरोबर अख्खं इंदूर पालथं घाल, असं काही ती म्हणाली नव्हती.

मामा नोकरीला होता एका विमा कंपनीत, क्लेमच्या खात्यात. आपटलेल्या ट्रकांचे फोटो बघायचे आणि यातला पोचा आत्ताचा कुठला, जुना कुठला ते शोधायचं, हे त्याचं जन्मभराचं काम. निवृत्त झाला, ट्रक संपले, मग घरं आली. भिंतीवर नाणं वाजवून प्लॅस्टर पोकळ आहे का ते बघणार. रंग गुडघ्यापर्यंतच ताजा असेल तर मालकाकडे अशी नजर टाकणार की त्याने चोरीच केलीय. सगळे नळ एकदम सोडणार. नर्मदेचं पाणी कधी येतं हे मालकाला न विचारता कोपऱ्यावरच्या कपडे प्रेस करणाऱ्याला विचारणार. एक घर त्याने नापसंत केलं कारण पोह्यांचं दुकान लांब होतं. दुसरं नापसंत केलं कारण ते अगदी खिडकीखाली होतं. एका घरामागे लग्नाच्या बँडबाजाचं मॅरेज गार्डन निघालं, तिथे मात्र मीही त्याच्या बाजूने होते. पण एका घरात काहीच सापडेना, तेव्हा म्हणाला, "अमू, हे घर जरा जास्तच चांगलं आहे. मतलब काहीतरी आहे." आता अशा माणसापुढे कपाळ बडवून घ्यायचं नाही तर काय करायचं?

ही सगळी गंमत मला आवडलीही असती, पण वर मामी होती.

वर म्हणजे परदेशीपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. माझे आजोबा गिरणीत क्लार्क होते तेव्हापासूनची ती भाड्याची जागा. बाहेरून लोखंडी जिना, असा उभा की त्याला शिडीच म्हणायचं. सुलोचनामामी एकेकाळी त्या जिन्यावरून दिवसातून दहादा चढायची-उतरायची. कुणाकडे डोहाळजेवण, कुणाकडे भजन, कुणाची सून रुसलेली. मामीशिवाय त्या गल्लीचं पान हलत नसे. मग गुडघे गेले. ऑपरेशन करायचं तर साखर आटोक्यात येईना. आता ती खाली उतरते ती फक्त डॉक्टरकडे जायला. भाजी, दूध, इस्त्रीचे कपडे, सगळं एका टोपलीतून वर येतं. टोपलीला दोरी, दोरी मामीच्या हातात. माणसंही टोपलीएवढीच उरली. खालून "मामीजी, कैसे हो?" आणि वरून "ठीक हूँ", बस, संपलं.

म्हणून घर हवं होतं ते बैठं. जमिनीवरचं, एका मजल्याचं, जिना नसलेलं. इंदुरात आता अशी घरं राहिलीच नाहीत. कोणी विकायला काढलं की घेणारा पहिल्यांदा ते पाडतो आणि तीन मजले चढवतो. जी दोन-चार उरलीयत त्यांच्यासमोर मामा बाटली उपडी करत होता.

दर रविवारी आम्ही परतलो की मामी वरून एकच विचारायची, "पायऱ्या किती होत्या?" घर केवढं, स्वयंपाकघर कसं, काही नाही. मी सांगायची. मग मामा दोषांची यादी वाचायचा. मामी सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं." त्या "बरं"चा मला इतका संताप यायचा की मी चहा न घेता निघायची.

यंदा होळीच्या सुमाराला एरोड्रम रोडवरून आत, केशर विहार नावाच्या कॉलनीत एक घर आलं. मालक मालोजीराव जगदाळे, त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेतले. स्वतः ते शाळेत पी.टी. शिकवायचे. आता मुलाकडे पुण्याला निघाले होते. तीन खोल्या, मागे धुण्याची मोरी, पुढे ओटा, ओट्याला दोन बुटक्या पायऱ्या, दारात पारिजातक. मामाने नेहमीप्रमाणे बाटली उपडी केली. पाणी फाटकापासून दूर, मुकाट्याने गटाराच्या जाळीकडे गेलं. मामाने माझी बाटली मागून तीही ओतली. पाणी पुन्हा तिकडेच गेलं.

"काय बघताय?" मालोजीरावांनी विचारलं.

"पाणी कुठे जातं ते."

"माझ्या घरात येत नाही एवढं सांगतो. हवं तर टँकर बोलावू का?"

भिंती ठणठणीत वाजल्या. नळ धो धो वाहिले. कागद माझ्या ओळखीच्या वकिलाने बघितले, त्यातही काही निघालं नाही. डोक्यावरून एक विमान गेलं, तेव्हा मामाने आशेने वर बघितलं. पण त्याला स्वतःलाच विमानं बघायला आवडतात, त्यामुळे तेही बोलता येईना. घरी येताना तो इतका उदास होता की रात्री सराफ्यात नेऊन तळलेले गराडू खायला घालावे असं मला वाटलं. दोष सापडला नाही की मामाला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पण त्याचा नियम आहे, घर तीनदा बघायचं. एकदा भर दुपारी, एकदा दिवेलागणीला आणि एकदा सकाळी कचऱ्याची गाडी येते तेव्हा. दुपारी घर कळतं, संध्याकाळी गल्ली कळते आणि कचऱ्याच्या गाडीला माणसं कळतात, असं तो म्हणतो. हे मात्र त्याचं खरं आहे. त्या गाडीचं गाणं वाजलं की अख्खी गल्ली डबे घेऊन बाहेर येते. कोण कोणाशी बोलत नाही ते तेवढ्यात दिसून जातं.

दिवेलागणीच्या फेरीला निघालो तेव्हा मामी म्हणाली, "मी येते."

"तू कशी येणार?" मामा म्हणाला.

"जशी डॉक्टरकडे जाते तशी."

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. मग घसरून खालच्या पायरीवर बसली. मग त्याखालच्या. लुगड्याचा काठ एका हातात गोळा करून, दुसऱ्या हाताने कठडा धरून. अशीच ती उतरते, मला माहीत होतं, पण बघितलं नव्हतं. डॉक्टरकडे त्यांना नेहमी रिक्षा नेते. मामा खाली बाटली घेऊन उभा होता. "सावकाश," एवढंच म्हणाला आणि समोरच्या बंद दुकानाची पाटी वाचायला लागला. मला रडू आलं. मग राग आला, कारण राग मला जास्त चांगला जमतो.

केशर विहारात पोचलो तेव्हा उजेड नुकता गेला होता. ओट्याच्या दोन पायऱ्या मामी माझ्या खांद्यावर भार टाकून चढली. आत गेली, स्वयंपाकघरात उभी राहिली, मागचं दार उघडून बंद केलं. मग मामाला म्हणाली, "घर तुम्ही बघा. शेजार मी बघते."

आणि चालू लागली. सपाट रस्त्यावर मामी हळू पण बरी चालते, हे मी विसरूनच गेले होते. शेजारच्या फाटकात एक बाई तुळशीपुढे दिवा ठेवून वळत होत्या. वयाने मामीएवढ्या, डोक्यावर पदर. त्यांचं नाव प्रेमलताजी, हे नंतर कळलं. इकडची-तिकडची चौकशी झाली, गुडघ्यांबद्दल झालं, मुलं कुठे असतात ते झालं. मग मामी म्हणाली, "बहनजी, थोड़ा जामन मिलेगा? घर का दही बिगड़ गया है."

विरजण खरंच बिघडलं होतं. मामी आठवडाभर पिशवीतल्या दह्यावर नाक मुरडत होती.

प्रेमलताजींचा चेहरा जरा ओशाळा झाला. "अब तो दिया-बत्ती हो गई, बहनजी," त्या म्हणाल्या. "अब दही घर से बाहर नहीं जाता." आवाज मऊ होता, पण नाही म्हणजे नाही. एवढं बोलून त्या आत गेल्या.

मला ते झोंबलं. चमचाभर दही, तेही दारात आलेल्या, पाय धड नसलेल्या बाईला? मामा आला, "काय झालं?" म्हणाला. मी सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच. आणि त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पंधरा दिवस हरवलेली किल्ली सापडावी तसा.

"बघ," तो म्हणाला. "घर विकत घेता येतं, शेजार नाही घेता येत. वाटीभर दही देववत नाही, उद्या अडीअडचणीला काय देणार?" मालोजीरावांना त्याने "कळवतो" म्हणून सांगितलं. मामाचं "कळवतो" म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं.

परतताना बडा गणपतीच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. तिथे मागच्या सीटवरून मामी बोलली.

"अहो, तुमच्या आईने कधी दिवेलागणीनंतर कुणाला विरजण दिलं होतं?"

मामा पुढच्या रिक्षाचा नंबर वाचायला लागला.

"विरजण सोडा, मीठ दिलं होतं? लक्ष्मी घरात यायच्या वेळी घरातलं पांढरं बाहेर जात नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. तुम्हाला माहीत नाही असं नाही."

"आता कोण पाळतं ते," मामा म्हणाला.

"ती पाळते. तिने नाही दिलं हे तिचं बरोबर. चूक माझी आहे. मला शरम वाटतेय. दिवे लागल्यावर दारात जाऊन दही मागितलं. लग्न होऊन आले तेव्हापासून असं कधी केलं नव्हतं. पण खरंच विसरले हो. कुणाच्या दारात जाऊन काही मागितल्याला इतकी वर्षं झाली, की कधी मागायचं नसतं तेच विसरले."

पुढची रिक्षा हलली तरी मी गाडी हलवली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. मामाने खिडकीची काच खाली केली आणि उगाच पुन्हा वर केली.

परदेशीपुऱ्यात मामी जिना चढली, जशी उतरली तशीच, फक्त उलट. वरचं दार लागलं आणि दिवा लागला, तरी मामा खालीच राहिला. गाडीच्या दाराला टेकून म्हणाला, "अमू, तुला तो प्लॉट माहीत आहे का?"

अर्धवट माहीत होतं. आजोबांनी कधीतरी जमीन घेतली होती आणि ती बुडाली, एवढंच आई सांगायची. बाकीचं मामाने सांगितलं. तो तेव्हा कॉलेजात होता. उन्हाळ्यात बाप-लेक प्लॉट बघायला गेले. सपाट, स्वच्छ, कोपऱ्याचा प्लॉट. आजोबा घुटमळत होते. त्यांनी मुलाला विचारलं, "काय रे, घ्यावा?" मामा म्हणाला, "हो, घ्या." पावसाळ्यात तिथे तलाव झाला. ती तलावाचीच जमीन होती, फक्त उन्हाळ्यात कोरडी पडायची. आजोबा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. मरेपर्यंत त्या भाड्याच्या घरात राहिले.

"बाबांनी एकदा तरी शिव्या द्यायला हव्या होत्या," मामा म्हणाला. "तेव्हापासून मला 'हो' म्हणवत नाही. 'नाही' म्हटलं की कुणाचं काही बिघडत नाही."

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. पण हा माणूस ताक फुंकता फुंकता दुसऱ्याला उपाशी ठेवत होता. मला त्याची दया आली आणि दया बाजूला ठेवून मी म्हणाले, "बिघडतं, मामा. आत्ता जिन्यावर बघितलंस ना? का पाटीच वाचत होतास?"

तो जिना चढून वर गेला. जास्त बोलले का, असं मला घरी जाईपर्यंत वाटत राहिलं. पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

सकाळी उजाडता उजाडता त्याचा फोन. "गाडी काढ. कचऱ्याची गाडी चुकेल."

"मामा, तू तर नाही म्हणालायस."

"नियम म्हणजे नियम."

केशर विहारात आम्ही पोचलो तेव्हा गाण्याचा आवाज लांबून येत होता. फाटकं उघडत होती, गाऊनवर ओढणी टाकलेल्या बायका, बनियनमधले पुरुष, सगळे हिरवे-निळे डबे घेऊन उभे. गाडीवरची बाई एकाला झापत होती, ओल्या डब्यात प्लास्टिक निघालं म्हणून, आणि बाकी गल्ली त्याची टिंगल करत होती. तोही हसत होता. एकमेकांशी न बोलणारं कोणी दिसलं नाही. मामाने बाटली आणली होती, पण ती त्याने गाडीतच ठेवली.

प्रेमलताजींनी डबा रिकामा केला, आमच्याकडे लक्ष गेलं आणि म्हणाल्या, "भाईसाब, रुकिए." आत गेल्या, हात धुऊन आल्या. हातात स्टीलची वाटी, वर बशी झाकलेली.

"कल बहनजी को खाली हाथ लौटाया, मन में लगा रहा," त्या म्हणाल्या. "पता मालूम होता तो सुबह भिजवा देती. ये जामन ले जाइए. और कटोरी बहनजी खुद लौटाने आएँ. आपके हाथ से नहीं लूँगी."

मामाने दोन्ही हातांनी वाटी घेतली. "जी," म्हणाला.

येताना वाटी त्याच्या मांडीवर होती. एरवी तो मला गाडी कशी चालवावी ते सांगत असतो. आज फक्त खड्डा आला की वाटी जरा वर उचलायचा. बाटली सीटखाली गडगडत होती, तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

आमची चाहूल लागली तशी मामीने वरून टोपली सोडली. "काय आणलंय? टोपलीत ठेवा," म्हणाली. मामाने टोपलीकडे बघितलं आणि वाटी घेऊन जिना चढायला लागला. मीही मागोमाग चढले.

मामीने बशी उचलली, वास घेतला, करंगळीने चाखलं. "चांगलं आहे. आंबट नाही," म्हणाली. वाटी कुणाची, हे तिला सांगावं लागलं नाही. तिने दूध कोमट केलं, विरजण लावलं, भांडं झाकून फळीवर ठेवलं. मग रिकामी वाटी घासली, पुसली आणि वेगळी ठेवली. कुणाची वाटी रिकामी परत करायची नसते, ते मात्र ती विसरली नव्हती.

मी वाट बघत होते. मामाही वाट बघत होता. पण पायऱ्या किती, हे मामीने आज विचारलं नाही. कांदा चिरायला घेतला.

मामाने घसा साफ केला. खुर्चीवर बसला, उठला. "सुलू," तो म्हणाला, "त्या ओट्याला दोन पायऱ्या आहेत. तिथे उतार करून घ्यावा लागेल. बाजूला कठडा. गवंडी मी बघतो, आपल्या गल्लीतल्याला नाही सांगायचं, तो सिमेंट खातो."

मामीची सुरी थांबली. तिने पदराने डोळे पुसले. कांद्याने असतील, पण मला तसं वाटत नाही. "बरं," ती म्हणाली.

त्या दिवशी मी चहा घेऊन निघाले.

अक्षय्यतृतीयेला ते राहायला गेले. मालोजीरावांनी किल्ली देताना मामाला पाण्याने भरलेली एक बाटली भेट दिली, लाल रिबन बांधून. मामाला ते आवडलं नाही. सामान लावण्यात दुपार गेली. मामीने मात्र भांडी लावायच्या आधी आदल्या रात्रीपासून टांगलेला चक्का सोडला आणि श्रीखंड केलं. त्या वाटीतल्या विरजणावर ती इतके दिवस रोज दही लावत आली होती, एकदाही मोडू दिलं नव्हतं. प्रेमलताजींची वाटी काठोकाठ भरली, वर बशी झाकली.

ऊन पारिजातकावरून उतरत होतं. मामीने पदर खोचला, एका हातात वाटी घेतली, दुसरा कठड्यावर ठेवला. मी हात द्यायला पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे."

मामा फाटकात उभा होता. "उतार जरा जास्त झालाय," म्हणाला. "गवंड्याला सांगितलं होतं मी. जपून."

मामी तोपर्यंत रस्त्यावर पोचली होती. मागे न बघताच म्हणाली, "दिवे लागायच्या आत जाऊन येते."